येण्याचा हेतू

शिरोलीत सोमवारी भट्टी थंड असते,
म्हणून असली कामं सोमवारीच.
टाइम ऑफिस, कँटीनची कूपनं, ग्रॅच्युइटी,
सगळं माझ्याच टेबलावर.
मगदूमसाहेब म्हणाले, "पोवार, जॉर्जियातनं पोरगी यायलीय.
सात महिने. ओतकाम शिकायला.
बघा काय कागद लागत्यात."
आधी नकाशा बघितला. मग कागद.

निमंत्रणाचं पत्र. तिच्या कॉलेजचं पत्र.
विद्यावेतन किती, राहणार कुठं,
आजारी पडली तर कोण,
मुदत संपल्यावर परत पाठवणार कोण.
"आम्ही हमी देतो की"
एवढं टाइप झालं आणि बोटं थांबली.
हमी मी आजवर एकदाच दिलेली,
मेव्हण्याच्या टेम्पोला.
अजून फेडतोय.

राजारामपुरीत खोली मिळाली.
घोरपडेकाकू दारातच अडल्या,
"पोलिस येणार व्हय रे घरात?"
नाही काकू, नुसता फॉर्म. चोवीस तासांत भरायचा.
"मग भाड्याचं बघू नंतर,
फॉर्म तेवढा तू भर."

नीनो आली. सेफ्टी शूज दोन नंबर मोठे.
पांढरा रस्सा वाटीनं प्याली आणि म्हणाली,
आमच्यात यात अक्रोड वाटून घालतात.
कँटीनचा म्हातारा दोन दिवस विचारात.

वाळूच्या ढिगापाशी मात्र तिला कुणी काही सांगितलं नाही.
वाकली, मूठभर उचलली, आवळली,
मधोमध मोडली, कडा बघितली.
पलीकडं शालन कांबळे नेमकं तेच करत होती,
बावीस वर्षं करते तसं.
दोघींनी एकमेकींच्या हाताकडं बघितलं.
मी काढलेलं ओळखपत्र
अजून माझ्या खिशातच होतं.

मीटर म्हणायचं, ओल बरोबर.
शालन म्हणायची, पाणी जादा झालंय, भोकं पडतील.
पडली.
नीनोनं वहीत दोन रकाने आखले,
एक मीटरचा, एक शालनचा.
महिन्याअखेरी ती वही साहेबांनी मागून घेतली
आणि बराच वेळ परत दिली नाही.

नोंदणीसाठी एस.पी. ऑफिसला गेलो.
आमच्या कोअर शॉपमधल्या बायका
आलो, जेवलो, दमलो असंच बोलतात.
पुण्याची सून आली की हसते, मग तीही तशीच बोलते.
खिडकीतल्या हवालदारानं वर न बघता वाचलं,
"लिंग, स्त्री. येण्याचा हेतू?"
"मी शिकायला आलो," नीनो म्हणाली.
त्यानं वर बघितलं.
"ही इथलीच बोलत्येय की," म्हणाला
आणि तरी तिसरी झेरॉक्स मागितलीच.

शेवटी कॉलेजचा फॉर्म आला.
प्रशिक्षकाचं नाव, हुद्दा, पदवी.
मी आमच्या इंजिनिअरचं नाव घातलेलं, रीतसर.
तिनं ते खोडलं.
शालन बाळू कांबळे, कोअर शॉप.
पदवीच्या रकान्यात
पेन्सिलीनं काढली एक मिटलेली मूठ.
तिकडनं मेल आला, हे काय आहे?
मी तीन दिवस उत्तर लिहीत होतो.
मग मुठीतली वाळूच पाठवली, लिफाफ्यात, नमुना म्हणून.
पोचली का कळलं नाही.
शालनला कंपनीनं अजून कायम केलेलं नाही.
तोही कागद माझ्याच टेबलावर आहे.

जायच्या सकाळी गेटवर
मी तिची परतीची तारीख रजिस्टरात घालत होतो.
मैमुना मुजावरनं डब्यात खर्डा भरून दिला.
शालन काही बोलली नाही,
शूज तेवढे परत घेतले, झाडले.
रिक्षात बसताना नीनो म्हणाली, "येतो."

जातो म्हणायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलं
ठाऊक नाही.
रजिस्टरात 'येतो'ला रकाना नव्हता.
मी शेऱ्यात लिहिलं.